स्टुलावाचून अडलेल्या पदव्या

विद्यापीठात पदवी-तपासणीचं नवं सॉफ्टवेअर येणार हे नक्की झालं आणि त्या दिवसापासून उपकुलसचिव बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्याला कारणही तसंच होतं. दरवर्षी पदवीदान समारंभ तोंडावर आला की बाईंच्या खोलीबाहेर रडवेल्या चेहऱ्यांची रांग लागायची. "मॅडम, माझं सगळं झालंय, फक्त दोन क्रेडिट कमी निघालीत!" ही दोन क्रेडिट बहुतेक वेळा एकाच विषयाची असायची. विषयाचं नाव हस्तकौशल्य. काही वर्षांपूर्वी कुलगुरूंनी नियम केला होता की विषय कोणताही असो, प्रत्येक पदवीधराने स्वतःच्या हातांनी लाकडाचं एक स्टूल बनवलं पाहिजे. "ज्याला साधं स्टूल करता येत नाही त्याने खुर्चीची स्वप्नं पाहू नयेत," असं ते प्रत्येक भाषणात सांगत. मुलं टाळ्या वाजवत आणि स्टूल पुढच्या सत्रावर ढकलत. असं ढकलत ढकलत शेवटचं सत्र यायचं आणि मग रांग लागायची.

नवं सॉफ्टवेअर ही रांगच संपवणार होतं. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दिसणार होतं, काय झालंय आणि काय राहिलंय. बाई नुसत्या कल्पनेनेच हरखून जात. त्यांनी सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा, म्हणजे 'रोलआउट'चा, आराखडा केला, तो भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगितला. ऑफिसात त्यांना 'रोलआउटबाई' असं नाव पडलं. घरी कपडे धुण्याचं नवं मशीन आलं तेव्हाही त्या म्हणाल्या, "पहिल्या टप्प्यात फक्त टॉवेल. मग चादरी. सगळं सुरळीत चाललं तर सरसकट."

"आणि मला जेवायला कितव्या टप्प्यात मिळेल?" नवऱ्याने विचारलं.

शुक्रवारी सॉफ्टवेअरचं उद्‌घाटन होतं. इतर विद्यापीठांचे पाहुणे येणार होते. त्या दिवसापासून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणाचंही नाव टाकलं की त्याची पदवी पूर्ण आहे की अपूर्ण हे जगाला दिसणार होतं. त्याआधी सोमवारी चाचणी ठेवली होती. ती कुणावर करायची, एवढंच ठरायचं होतं.

"आताच्या मुलांवर नको," कुलसचिव साहेब म्हणाले. साहेब स्वभावाने इतके सावध होते की लिफ्टमध्ये शिरण्याआधी लिफ्टमनला ती खाली आलीये की वर चाललीये हे दोनदा विचारत. "एखाद्याची पदवी अडकली तर त्याचे आईबाप येऊन माझ्या टेबलावर बसतील."

"मग जुनी बॅच घेऊ या की, सर!" बाईंचे डोळे चमकले. "आमच्या सासूबाईंची! भौतिकशास्त्राची. मागे त्यांचं स्नेहसंमेलन झालं तेव्हा सगळ्यांची माहिती कॉम्प्युटरवर चढवलीये, ईमेलसकट. पदव्या मिळून जमाना झाला. त्यांना आता काय होणारे?"

"नक्की काही होणार नाही ना?" साहेबांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरकडे पाहिलं. हा इंजिनिअर उंच, शांत आणि अत्यंत आशावादी गृहस्थ होता. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असे, आणि ऑफिसात त्याला त्याच नावाने ओळखत.

"होऊन जाईल," तो म्हणाला.

बाई म्हणत होत्या काही होणार नाही, आणि तो म्हणत होता होऊन जाईल. दोघांपैकी त्याचंच खरं झालं.

सोमवारी बाईंनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. उत्साहाच्या भरात दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे, कोणत्या वर्षीचे नियम लावायचे हा रकाना बदलायचा राहिला. त्यामुळे आजीआजोबांच्या पदव्यांना आजचे नियम लागले. दुसरं म्हणजे 'विद्यार्थ्यास कळवा' या शब्दांपुढे आधीच बरोबरची खूण होती, ती कुणी पाहिलीच नाही.

कॉम्प्युटरचा पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक झाला. प्रत्येक नावापुढे एकच शेरा, 'हस्तकौशल्य बाकी'.

"अगंबाई, वर्ष चुकलं!" बाई हसल्या. "पण पकडलं बघा कसं! एकाचंही स्टूल सुटलं नाही!"

"लाल आलं म्हणजे चालतंय," इंजिनिअर म्हणाला. दोघांनी आनंदाने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई चहाचा पहिला घोट घेत होत्या. समोर सासूबाई फोन नाकाशी धरून बसल्या होत्या. सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"सूनबाई, मी नापास झाले."

"कशात?" बाईंना वाटलं, फोनवरचा काहीतरी खेळ असेल.

"बी.एस्सी.त."

बाईंना असा ठसका लागला की नवऱ्याला उठून पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. सासूबाई मात्र स्पष्ट उच्चारात वाचत होत्या. "कळविण्यात येते की, आपल्या पदवीची तपासणी केली असता हस्तकौशल्य या विषयाचे दोन श्रेयांक बाकी असल्याचे आढळून आले आहे. शुक्रवारपर्यंत ते पूर्ण न केल्यास आपली पदवी अपूर्ण दर्शविण्यात येईल. पुढे सही." त्यांनी चष्मा वर केला. "सही कुणाची आहे, वाचू का?"

"नको, आई."

"तू आईला नापास केलंस?" नवरा थक्क होऊन म्हणाला. "अगं, काही राग होता तर बोलायचं!"

"अहो, चुकून गेलंय ते! आई, तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. मी आजच्या आज—"

"मनाला कशाला लावू?" सासूबाईंनी पदराआडून एक मोजपट्टी आणि जाड पेन्सिल काढली. "मी पहाटेच शोधून ठेवलंय सगळं. वर्ग किती वाजता असतो?"

"आई, वर्ग नाहीये! तुम्ही पास आहात!"

"सही केलेलं असं नाकारायचं नसतं, सूनबाई. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर बघितलं, सगळ्यांना हेच पत्र आलंय. डॉक्टरीणबाई खूश आहे. जज मात्र जाम तापलाय."

जज म्हणजे सासूबाईंचे वर्गमित्र. भौतिकशास्त्र संपवून ते कायद्याकडे वळले आणि न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. ते किती तापलेत हे बाईंना ऑफिसात पोचल्या पोचल्या कळलं. फोन कानापासून हातभर लांब धरूनही प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"बी.एस्सी.च्या जोरावर मी कायद्याला गेलो! कायद्याच्या जोरावर न्यायाधीश झालो! आता तुम्ही म्हणता बी.एस्सी.च नाही! मग मी ज्यांना शिक्षा दिल्या त्या लोकांना काय तोंड दाखवू?"

"सर, क्षमा करा, तांत्रिक चूक झाली—"

"चूक झाली असं आरोपीही म्हणतात!" आणि फोन आपटला.

कुलसचिव साहेब डोकं धरून बसले. "मागे घ्या," ते म्हणाले. "आहे तसं सगळं मागे घ्या."

"मागे घेता येईल," इंजिनिअर म्हणाला. "पण मग सगळंच मागे जाईल. आताच्या मुलांची सहा महिने खपून भरलेली माहितीसुद्धा."

"मग निदान 'चूक झाली' असं टाका त्या नावांपुढे!"

"तसा पर्याय नाहीये सिस्टीममध्ये. तिच्याकडे 'पूर्ण', 'अपूर्ण' आणि 'सुरू आहे', एवढे तीनच. 'पूर्ण' करायचं तर त्या विषयाच्या शिक्षकांनी मंजुरी द्यावी लागते. दुसरा मार्ग मी शोधतो, पण वेळ लागेल."

"शुक्रवारच्या आत होईल?"

"होऊन जाईल," तो म्हणाला. या वेळी मात्र त्याने ते खाली बघत म्हटलं, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर शुक्रवार उभा राहिला. शुक्रवारी साऱ्या जगाला एका निवृत्त न्यायाधीशाची, एका नामांकित सर्जनची आणि आपल्या सख्ख्या सासूची पदवी अपूर्ण दिसणार आणि त्याखाली आपली सही असणार. त्या तडक उठल्या आणि कार्यशाळेत गेल्या.

हस्तकौशल्याचे शिक्षक म्हणजे मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. अंगाने आडवे, मिशीत भुसा. बाईंचं सगळं म्हणणं त्यांनी एका फळीला रंधा मारत मारत ऐकून घेतलं.

"म्हणजे स्टूल न बघता मंजुरी द्यायची?"

"मास्तर, ती वयस्कर माणसं आहेत हो."

"स्टुलाला वय कळत नाही, मॅडम. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. स्टूल आणायचं, मी त्यावर बसणार. स्टूल उभं राहिलं तर पास." बाईंनी मास्तरांच्या आकाराकडे एकवार पाहिलं.

त्यांनी खूप विनवण्या केल्या, कुलसचिवांचं नाव सांगितलं, कुलगुरूंच्या उद्‌घाटनाची आठवण करून दिली. मास्तर बधले नाहीत. शेवटी बाई दारात थांबल्या. रडायचंच बाकी होतं. पण रडण्याऐवजी त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि त्या गर्रकन वळल्या.

"लाकूड आहे तेवढं?"

"लाकूड ढीगभर आहे. मुलंच येत नाहीत."

"मुलं मी आणते," बाई म्हणाल्या.

दुपारभर त्यांनी फोन केले. प्रत्येकाची माफी मागितली आणि प्रत्येकाला बुधवारी कार्यशाळेत यायची विनंती केली. जवळ राहणारे बहुतेक सगळे हो म्हणाले. लांबच्यांनी आपापल्या गावातली सुताराची दुकानं शोधायला घेतली. जज म्हणाले, "येईन. पण फक्त निषेध नोंदवायला."

बुधवारी सकाळी सासूबाई बाईंच्या आधी तयार होत्या. डबा, पाण्याची बाटली, मोजपट्टी. "आई, मी सोडते ना गाडीने," बाई म्हणाल्या. "नको. वर्गात कुणी सुनेबरोबर जात नाही," असं म्हणून त्या बसने गेल्या.

बाई थोड्या वेळाने कार्यशाळेच्या दाराशी पोचल्या आणि बघतच राहिल्या. पांढऱ्या केसांची ती सगळी बॅच पुन्हा विशीतली झाली होती. कुणी कुणाला जुन्या टोपणनावाने हाक मारत होतं, कुणी मागच्या बाकासाठी भांडत होतं. डॉक्टरीणबाई, बी.एस्सी. करून मग डॉक्टरकीकडे वळलेल्या आणि आता शहरातल्या नावाजलेल्या सर्जन, हातात करवत घेऊन फळीकडे गंभीरपणे पाहत होत्या. "हिला भूल न देता कापायचं?" त्यांनी विचारलं आणि सगळी कार्यशाळा हसली.

तेवढ्यात जज आले. कडक इस्त्री, हातात फाइल. "मला तीव्र निषेध नोंदवायचा आहे," त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं.

"नोंदवा की," मास्तर म्हणाले. "तोवर जरा हे टोक धरा."

जजनी टोक धरलं. मास्तरांनी कापायला सुरुवात केली. "वाकडं जातंय," जज म्हणाले. "मग तुम्ही सरळ कापून दाखवा," मास्तरांनी करवत पुढे केली. जजनी फाइल खाली ठेवली, बाह्या सरसावल्या, आणि ती फाइल भुशाखाली गडप झाली ती पुन्हा कुणालाच दिसली नाही.

संध्याकाळपर्यंत एकही स्टूल उभं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं डगमगत होतं म्हणून त्यांनी एक पाय थोडा कापला. मग दुसरा मोठा झाला म्हणून तो कापला. असं करत करत शेवटी नुसती फळीच उरली. त्यांनी ती कौतुकाने सगळ्यांना दाखवली आणि नवं लाकूड मागितलं. गुरुवारीही तेच. जजनी आपल्या स्टुलाला इतके खिळे मारले की मास्तर म्हणाले, "साहेब, याला फाशी नाही, जन्मठेप झालीये." मास्तरांना असे विद्यार्थी जन्मात मिळाले नव्हते. घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि तेही उठवीनात.

बाई मात्र दर तासाला येऊन विचारत, "झालं का एखादं?" आणि दर वेळी निराश होऊन परत जात. त्यांच्या आराखड्यात स्टुलाचा टप्पा कुठेच नव्हता.

शुक्रवार उजाडला. सभागृहात पाहुणे बसले, कुलगुरू बोलायला उभे राहिले. पडद्यामागे बाई नखं खात होत्या, तोच इंजिनिअर धापा टाकत आला. आज पहिल्यांदाच तो घाईत होता.

"सापडलं! फक्त त्यांच्यापुरतं वर्ष बदलता येतंय! एक बटण दाबलं की सगळे पूर्ण!"

बाईंनी आनंदाने टुणकन उडीच मारली. "मग दाबा ना!"

"तुमच्या लॉगिनवरूनच दाबावं लागेल."

बाई लॅपटॉप उघडतात न उघडतात तोच सभागृहात ठोकाठोकीचा आवाज घुमू लागला. झालं होतं असं की सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागूनच कार्यशाळा होती. "आमची प्रत्येक पदवी—" कुलगुरू म्हणाले. ठक. "—भक्कम पायावर—" ठक ठक. "—उभी आहे!" आणि पलीकडे काहीतरी धडामकन कोसळलं.

कुलगुरू थांबले. "आज कार्यशाळेत कोण आहे?" असं म्हणत ते व्यासपीठावरून उतरले आणि चालू लागले. पाहुणेही उठून त्यांच्या मागे निघाले. कुलसचिव साहेब धावत पुढे गेले आणि दारात आडवे उभे राहिले.

"सर, काही नाही. ते आपलं... दुरुस्तीचं काम. सुतार आलेत, सर."

त्यांच्या खांद्यावरून आतलं सगळं दिसत होतं. भुशाने माखलेले ज्येष्ठ नागरिक हातोड्या घेऊन स्तब्ध उभे होते. जजनी डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा वर केला.

"मी सुतार नाही," ते धीरगंभीर आवाजात म्हणाले. "मी नापास आहे."

पाहुण्यांत कुजबुज झाली. कुलगुरूंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी लॅपटॉप घेऊन मागोमाग आलेल्या बाईंकडे. बाईंचा चेहरा उतरला होता, पण त्या पुढे झाल्या.

"सर, चूक माझी आहे. चाचणीच्या वेळी वर्षाचा रकाना बदलायचा राहिला. या सगळ्यांना आजचा नियम लागला आणि पदवी अपूर्ण असल्याची पत्रं गेली. यांचा काहीच दोष नाही. हे सगळे कधीच पास झालेत."

एका पाहुण्याने खाकरून घेतलं. कुलगुरूंनी पाहुण्यांकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "दुरुस्त करता येईल?"

"हो, सर. आत्ता. एका बटणावर." बाईंनी लॅपटॉप सुतारकामाच्या टेबलावर ठेवला. आठवडाभराचं ओझं आता एका क्षणात उतरणार होतं. त्यांनी बोट उचललं.

"थांबा!" जज गरजले. "माझी हरकत आहे! आमची बाजू ऐकून न घेता आम्हाला असं परस्पर पास करता येणार नाही!"

"पण सर," बाई चक्रावल्या, "मंगळवारी तुम्हीच तर म्हणालात—"

"मंगळवारी मला स्टूल येत नव्हतं. आता तीन पाय झालेत."

"माझं आज पहिल्यांदा डगमगायचं थांबलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे पेशंट सावरतोय, आणि तुम्ही डिस्चार्ज देताय?"

"सूनबाई," शेवटच्या बाकावरून आवाज आला, "हात खाली घे."

बाईंनी हात खाली घेतला. घरातही या आवाजापुढे त्यांचं काही चालत नसे.

"आणि अर्धवट स्टूल मी कुणाला नेऊ देत नाही," मास्तरांनी बजावलं. "नियम कुलगुरू साहेबांचाच आहे."

सगळे कुलगुरूंकडे पाहू लागले. कुलगुरू मात्र जजच्या तीन पायांच्या स्टुलाकडे पाहत होते. इतकी वर्षं त्यांनी स्टुलावर भाषणं केली होती, पण स्वतःहून स्टूल करू द्या म्हणून भांडणारा माणूस त्यांना आजवर दिसला नव्हता. शेवटी ते बाईंकडे वळले.

"पास आणि नापास यांच्या मधलं काही नाही का तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये?"

"'सुरू आहे' असं एक आहे, सर," बाई म्हणाल्या.

"मग तेच करा."

बाईंनी बटण दाबलं. लाल पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा झाला आणि कार्यशाळेत एकच जल्लोष उसळला. टाळ्यांचा नाही, हातोड्यांचा. पाहुणे इंजिनिअरभोवती गोळा झाले. पदवी घेऊन गेलेली माणसं इतक्या वर्षांनी परत वर्गात आणणारं सॉफ्टवेअर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. "आमच्याकडे कधी बसवाल?" असं जो तो विचारू लागला. कुलसचिव साहेबांनी तिथल्याच एका स्टुलावर बसकण मारली आणि ते स्टूल मोडलं. पण त्या आनंदात ते डॉक्टरीणबाईंचं होतं की कुणाचं, हे कुणी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी संकेतस्थळावर स्वतःचं नाव टाकून पाहिलं. 'शिक्षण सुरू आहे' ही अक्षरं त्यांनी मुलाला दाखवली, शेजारणीला दाखवली आणि शिळोप्याच्या गप्पांना फोन करणाऱ्या नणंदेला सांगितलं, "आता नाही गं जमायचं बोलायला. माझं कॉलेज असतं."

सोमवारी बाई आनंदात ऑफिसला आल्या, तर खोलीबाहेर भलीमोठी रांग. एकही चेहरा रडवेला नव्हता, पण चिडलेले सगळे होते. आणि सगळ्यांचे केस पांढरे.

"आम्ही त्याच वर्षाचे," सगळ्यात पुढचे गृहस्थ दाराच्या चौकटीवर हात टेकवून म्हणाले. "रसायनशास्त्र. भौतिकवाल्यांना तुम्ही नापास केलंत, त्यांचे फोटो आम्ही रोज बघतोय. आम्ही काय घोडं मारलंय म्हणून आम्हाला पास ठेवलंय?"

"आमचा पण अर्ज घ्या!" मागून गणितवाले ओरडले.

बाईंच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी तक्रार कधी आली नव्हती. त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, झाल्या अन्यायाबद्दल विद्यापीठातर्फे दिलगिरी व्यक्त केली आणि चौकशी करून सर्वांना लवकरात लवकर नापास करण्यात येईल, असं ठाम आश्वासन दिलं.